सोमवारी तीन ते पाच: सरकारी कागद बघायची फुकट सोय आणि माझे तीन सोमवार

कोल्हापुरात मंगळवार पेठेत आमच्या तालमीच्या दारात एक फळा आहे. कुणाची मयत, उद्या पाणी येणार का नाही, कुस्त्यांचं मैदान कधी, रक्तदान कुठं, सगळं त्यावर येतं. गेली अठरा वर्षं तो फळा मी लिहितो. १६ जानेवारी २०२६ ला महापालिकेची मतमोजणी झाली. त्या रात्री आमच्या प्रभागातून निवडून आलेल्या चौघांची नावं आणि मतं मी फळ्यावर लिहिली. खडू खाली ठेवतोय तोवर मागून शेजारच्या आक्कांनी विचारलं, "हे झालं प्रभागाचं. आपल्या शाळेतल्या खोलीत कुणाला किती पडली, ते लिवा की."

माझ्याकडं ते आकडे नव्हते. कट्ट्यावर बसलेल्या वीस-पंचवीस जणांतही कुणाकडं नव्हते.

ते आकडे मला कसे मिळाले आणि ते देणारी सरकारी सोय कशी आहे, हे लिहायला बसलोय. हॉटेलांचे, मोबाईलचे अनुभव लोक लिहितात, त्याचा मला उपयोग होतो. सरकार आपल्याला जी सेवा देतं तिच्याबद्दल मात्र कुणी नीट लिहीत नाही. शिव्या तेवढ्या घालतात.

आधी माझ्याबद्दल थोडं. मी ३६ वर्षं छापखान्यात काढली. आधी छपाईच्या अक्षरांचे खिळे जुळवले, मग मुद्रितशोधक झालो. मतदार याद्या, अहवाल, सहकारी संस्थांचे ताळेबंद असलं काम पुष्कळ केलं. आकडा वाचताना त्यावर बोट ठेवून वाचायची सवय हाताला आहे. बेरीज जुळत नसेल तर मला झोप लागत नाही.

मतदान केंद्राचा, म्हणजे शाळेतल्या त्या एका खोलीचा आकडा एवढा महत्त्वाचा का? २०१५ ला कोल्हापुरात ८१ प्रभाग होते, एकेका प्रभागाला एक नगरसेवक. १ नोव्हेंबरला मतदान झालं, २ तारखेला निकाल लागला. त्या सभागृहाची मुदत नोव्हेंबर २०२० ला संपली आणि त्यानंतर पाच वर्षांहून जास्त काळ प्रशासकच कारभार बघत राहिले. आता निवडणूक झाली ती २० प्रभागांत. नगरसेवक तेवढेच, ८१. पण एकोणीस प्रभागांत चार-चार आणि एकात पाच. आमचा जुना प्रभाग मोडला, त्याचे तुकडे वेगवेगळ्या ठिकाणी गेले. मग दहा वर्षांत आपल्या भागाचं मत कुठं सरकलं, हे बघणार कसं? २०१५ च्या प्रभागाचा आकडा २०२६ च्या प्रभागाशेजारी ठेवून काहीच कळत नाही. शेजारी ठेवता येईल ते फक्त मतदान केंद्र. शाळा तीच, गल्ल्या बऱ्याचशा त्याच, माणसंही बरीचशी तीच. केंद्राचा कागद हातात नसेल तर दर वेळी प्रभाग बदलला की मागचं सगळं पुसलं जातं. आमचा फळा पुसावा तसं.

दुसऱ्या दिवशी पेपरात प्रभागवार सगळ्या उमेदवारांची मतं आली. पेपरवाल्यांनी ते काम चोख केलं. पण ते प्रभागापाशीच थांबतात. केंद्रापर्यंत जायला त्यांना पानं पुरणार नाहीत.

विधानसभा-लोकसभेला ही अडचण कमी येते. १९६१ च्या निवडणूक नियमांत 'नमुना २०' नावाचा अंतिम निकालाचा तक्ता आहे. त्यात प्रत्येक केंद्रावर प्रत्येक उमेदवाराला किती मतं, नोटाला किती, सगळं ओळीनं असतं आणि हे तक्ते मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावर येतात. नोव्हेंबर २०२४ च्या विधानसभेचा आमच्या मतदारसंघाचा तक्ता नातवानं मला घरात बसून काढून दिला. त्यातली आमची शाळा मी तीन मिनिटांत शोधली. मला वाटलं, महापालिकेचंही असंच मिळेल. नाही मिळालं. आणि शोधताना आणखी एक गोष्ट कळली, जी मला साठी उलटल्यावर कळली याचं वाईट वाटतं. आमदार-खासदारांची निवडणूक घेतो तो भारत निवडणूक आयोग. महापालिका, नगरपालिका, जिल्हा परिषद, पंचायत समिती, ग्रामपंचायत यांची निवडणूक घेतो तो राज्य निवडणूक आयोग. ७३ व्या आणि ७४ व्या घटनादुरुस्तीनंतर, १९९४ साली महाराष्ट्रात तो स्थापन झाला. मतदार यादी विधानसभेचीच वापरतात, पण कारभार पूर्ण वेगळा. त्यामुळं आपण एका दारात विचारतो आणि कागद असतो दुसऱ्याच दारात. मी आधी चुकीच्याच दारात गेलो होतो. तिथल्या माणसानं सरळ सांगितलं म्हणून दुसरी खेप वाचली.

मग ठरवलं, माहिती अधिकाराचा अर्ज टाकायचा. जोडपत्र 'अ' चा कोरा नमुना आणि दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प घ्यायला झेरॉक्सच्या दुकानात गेलो. दुकानदार गेली कित्येक वर्षं हेच अर्ज लिहून देतो. त्यानं माझा विषय ऐकला आणि म्हणाला, "काका, तीस दिवस कशाला थांबताय? सोमवारी दुपारी जावा की. बघू द्यायचा नियम हाय."

मला खरं वाटेना. त्यानं मोबाईलवर शासन निर्णय उघडून दाखवला. २०१८ च्या नोव्हेंबरचा, सामान्य प्रशासन विभागाचा. जिल्हा पातळीवरची कार्यालयं आणि स्थानिक स्वराज्य संस्था यांनी दर सोमवारी दुपारी तीन ते पाच या वेळात आपले अभिलेख नागरिकांना बघायला खुले ठेवायचे. सोमवारी सुट्टी असेल तर पुढच्या कामाच्या दिवशी. पुणे महापालिकेत हे आधीपासून चालू होतं, तिथं लोकांचे अर्ज-अपिलं कमी व्हायला मदत होईल असा त्यामागचा विचार, तोच सगळ्या राज्याला लागू केला. अर्ज नको, स्टॅम्प नको. मी त्याची छापील प्रत घेतली. दोन पानांचे चार रुपये. या सगळ्या सेवेवर माझा झालेला खर्च म्हणाल तर एवढाच, आणि केएमटी बसचं तिकीट.

कार्यालयाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. तिथं मला भेटलेल्या पाच माणसांपैकी तिघं चांगली वागली, आणि जे घडलं ते कुठल्याही कार्यालयात घडलं असतं.

पहिला सोमवार पाण्यात गेला. तीनला पाच मिनिटं असताना मी दारात. माहिती अधिकाराचा फलक भिंतीवर होता: जन माहिती अधिकारी कोण, प्रथम अपिलीय अधिकारी कोण, फी किती. सोमवारच्या वेळेचा एक शब्द नाही. पहिल्या टेबलावरच्या गृहस्थांनी मान वर न करता सांगितलं, "असलं काय न्हाई इथं." मी शासन निर्णय पुढं ठेवला. त्यांनी तो वाचला, हे त्यांच्या बाजूनं सांगायला पाहिजे. पूर्ण वाचला. मग म्हणाले, "आमच्याकडं अजून आलेला न्हाई." सात वर्षं उलटलेल्या कागदाबद्दल हे उत्तर. मला वरच्या मजल्यावर पाठवलं, तिथून पुन्हा खाली. चौथ्या टेबलावर विचारणा झाली, "तुम्हाला कशाला पाहिजे हे? कुठल्या पार्टीचे?"

हा प्रश्न मला लागला. मी तालमीचा फळा लिहितो, मी मतदार आहे, एवढं पुरे नाही का? माहिती अधिकार कायद्याच्या कलम ६(२) मध्ये स्पष्ट आहे की माहिती मागणाऱ्याला कारण विचारायचं नाही, संपर्कापुरता तपशील सोडला तर. मी ते त्यांना शांतपणे सांगितलं. ते म्हणाले, "मग अर्ज करा." घड्याळात पाच वाजत आले होते. बाहेर येऊन पायरीवर बसलो आणि वहीत सगळं लिहून काढलं: किती वाजता कुठल्या टेबलावर गेलो, काय उत्तर मिळालं. तुम्ही जाणार असाल तर वही न्या. पुढच्या वेळी त्या वहीचा उपयोग झाला.

दुसऱ्या खेपेला सोमवारी सुट्टी होती म्हणून मंगळवारी गेलो. या वेळी निवडणुकीच्या कामाच्या एक मॅडम जागेवर होत्या. वय पस्तिशीच्या आसपास. त्यांनी आधी खुर्ची दिली. मग माझं ऐकून म्हणाल्या, "काका, निवडणुकीचं सगळं सीलबंद असतं. ते नाही दाखवता येत."

इथं नीट समजून घ्यायला पाहिजे, कारण त्या खोटं बोलत नव्हत्या. मतदान यंत्रं, सील केलेली पाकिटं, सहीच्या याद्या हे वाटेल त्यानं येऊन उघडायचं नसतं आणि ते योग्यच आहे. पण मोजणी झाल्यावर केंद्रवार आणि फेरीवार आकड्यांचा जो तक्ता तयार होतो आणि ज्यावर निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांची सही असते, तो कागद वेगळा. तो निकाल आहे. मोजणीच्या ठिकाणी तो मोठ्यानं वाचून दाखवलेला असतो. मी म्हटलं, "मॅडम, मला पाकिटं नकोत. ज्या कागदावरून तुम्ही ध्वनिक्षेपकावर आकडे सांगितले तो कागद पाहिजे." त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग फोन उचलून साहेबांना विचारलं. फोन ठेवला आणि म्हणाल्या, "तक्ते दाखवायला हरकत नाही म्हणतात. पण २०१५ चे खालच्या रेकॉर्ड रूममध्ये आहेत, गठ्ठा शोधायला लागंल. पुढच्या सोमवारी या, मी काढून ठेवते." माझं नाव आणि विषय त्यांनी चिठ्ठीवर लिहून काचेखाली सरकवला. शिपाईमामांनी मला न सांगता चहा आणला.

तिसऱ्या सोमवारी गठ्ठा टेबलावर तयार होता. लाल फडक्यात बांधलेला, गाठीवर धूळ. मॅडमनी शब्द पाळला. हे मी ठळक लिहितोय, कारण या सेवेत नियमाइतकंच तो पाळणारं माणूस लागतं.

मामांनी गाठ सोडली. २०१५ चे कागद पिवळे पडायला लागलेत, पण शाई स्वच्छ. संगणकावर टाइप केलेला तक्ता, उभ्या रकान्यांत उमेदवार, आडव्या ओळींत केंद्रं, शेवटी नोटा, मग एकूण. प्रत्येक पानावर सही-शिक्का. एका ठिकाणी आकडा खोडून वर दुसरा लिहिलेला आणि शेजारी त्या खोडीवरही सही. ती सही बघून मला आनंद झाला. छापखान्यात आम्हाला हेच शिकवलं होतं: चूक झाली तर लपवायची नाही, खोडायची आणि शेजारी आपलं नाव लिहायचं.

फोटो काढू का विचारलं. मॅडम म्हणाल्या, "फोटोचं मला विचारायला लागंल, लिहून घ्या तोवर." माहिती अधिकार कायद्यात नोंदी आणि उतारे घ्यायचा हक्क साफ शब्दांत आहे, म्हणून मी वाद घातला नाही. चौकटीची वही काढली आणि उतरवायला लागलो. आमच्या शाळेतली सगळी केंद्रं, आणि शेजारच्या दोन शाळांतली. मग २०२६ चे तक्ते. ते चौपट, कारण एका मतदाराची चार मतं. अ, ब, क, ड प्रत्येक जागेचा तक्ता निराळा. दोन तासांत माझं पाऊण काम झालं. पाचला पाच कमी असताना मामा येऊन उभे राहिले. मॅडम म्हणाल्या, "असू द्या मामा, सव्वापाचपर्यंत बसू द्या त्यांना."

घरी येऊन सुनेला समोर बसवलं. ती वहीतला आकडा मोठ्यानं वाचणार, मी बेरीज करणार. छापखान्यात एकानं मूळ प्रत वाचायची आणि दुसऱ्यानं छापलेलं तपासायचं, तीच रीत. २०१५ च्या तक्त्यात विजयी उमेदवाराच्या केंद्रांची बेरीज जाहीर आकड्यापेक्षा सातनं कमी येत होती. तीनदा केली. सातच. त्या रात्री मला खरंच झोप आली नाही. मनात नको ते विचार आले, आणि असले विचार किती सहज येतात याची भीतीही वाटली. कागद बघितलेला माणूस मी, तरी असं. न बघितलेल्यांना काय काय वाटत असेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी वही पुन्हा उघडली. तक्त्याच्या तळाशी, माझ्याच हातानं उतरवलेली एक ओळ होती, तिच्याकडं माझं लक्ष गेलं नव्हतं: टपाली मते. निवडणुकीच्या ड्यूटीवर असलेले कर्मचारी टपालानं मत देतात. ती कुठल्याच केंद्रात मोजली जात नाहीत, शेवटी वेगळी धरतात. त्या ओळीत त्या उमेदवाराला सात. बेरीज जुळली.

मला या सगळ्या प्रकारात सगळ्यात मोलाचं जर काही वाटलं असेल तर ते हे. कागद समोर असला की शंका एका रात्रीत मिटते. नसला तर ती दहा वर्षं चालते. आमच्याकडं चाललीच होती. २०१५ ला आमच्या तालमीनं ज्याचं काम केलं तो थोडक्या मतांनी पडला. तेव्हापासून कोपऱ्यावरच्या गल्लीनं दगा दिला असं आमच्यात बोललं जायचं. गणपतीच्या वर्गणीला त्यांच्या दारात कुणी जात नव्हतं. मीही ते खरंच धरून चाललो होतो. वहीतले आकडे सांगतात की त्या गल्लीच्या केंद्रावर आमच्या माणसाला आघाडी होती. मतं कमी पडली ती आमच्या स्वतःच्या शाळेतल्या खोलीत. मी ते फळ्यावर लिहिलं नाही. आधी कट्ट्यावरच्या चार जुन्या माणसांना घरी बोलावून वही दाखवली. एक जण बराच वेळ बोटानं ओळी मोजत बसला. मग म्हणाला, "धा वर्सं आपुन त्यास्नी बोलत न्हवतो की रं." त्या शनिवारी तो स्वतः कोपऱ्यावरच्या गल्लीत गेला. काय बोलणं झालं मला माहीत नाही, मी विचारलंही नाही.

आता आक्कांचं. ज्यांच्या प्रश्नावरून हे सुरू झालं त्यांनीच आकडे बघून मला अडवलं. "हे फळ्यावर नका लिवू. निवडून आलेल्याला कळंल आपल्या गल्लीनं मत दिलं न्हाई म्हणून. उद्या गटार तुंबली तर कोण येणार?" हा प्रश्न पोकळ नाही. याच भीतीपोटी भारत निवडणूक आयोगानं २००८ मध्ये 'टोटलायझर' यंत्राचा प्रस्ताव केंद्र सरकारकडं पाठवला होता. अनेक केंद्रांची मतं एकत्र करून फक्त बेरीज दाखवायची, म्हणजे कुठल्या वस्तीनं काय केलं ते कळणार नाही. विधी आयोगानंही २०१५ च्या अहवालात त्याची शिफारस केली. ते अजून अमलात आलेलं नाही.

पण आक्कांना मी जे सांगितलं ते इथंही सांगतो. मोजणीच्या टेबलापाशी उमेदवारांचे प्रतिनिधी बसलेले असतात. प्रत्येक यंत्र उघडलं की केंद्राचा आकडा ते आपल्या वहीत टिपून घेतात. म्हणजे कुठल्या गल्लीनं काय केलं हे निवडून आलेल्याला त्याच संध्याकाळी कळलेलं असतं. पडलेल्यालाही. कळलेलं नसतं ते फक्त गल्लीला. टोटलायझर आणून सगळ्यांनाच कळू द्यायचं नाही असं ठरलं तर मी ते मान्य करीन, त्यात न्याय आहे. पण पुढाऱ्याच्या वहीत आकडा आहे आणि मतदारानं मागितला की तीन खेपा, ही वाटणी मला मान्य नाही. आक्का म्हणाल्या, "मग लिवा." मी लिहिलं. पाच दिवस ते फळ्यावर होतं आणि कुणी पुसलं नाही.

सेवेबद्दल माझं मत. नियमाला मी पाचपैकी पाच तारे देतो. इतका साधा, बिनपैशाचा नियम मी दुसरा बघितलेला नाही. अंमलबजावणीला अडीच, आणि त्यातले दीड त्या मॅडमचे आहेत.

कमी काय आहे ते सांगतो. वेळेचा फलक नाही, हे सगळ्यात वाईट. दोन ओळींच्या पाटीला खर्च तो किती? दुसरं, कुठला कागद कुठं आहे याची सूची नागरिकाच्या हातात नाही. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४ प्रमाणं प्रत्येक कार्यालयानं आपले अभिलेख सूचीबद्ध करून ठेवायचे आहेत आणि १७ बाबींची माहिती स्वतःहून प्रसिद्ध करायची आहे. लोकांना कायद्याचा आधार घ्यायची कमीत कमी वेळ यावी, असं त्याच कलमात पुढं लिहिलेलं आहे. माझ्या मते केंद्रवार निकाल हा तर संकेतस्थळावर टाकायचा पहिला कागद. विधानसभेला जमतं ते महापालिकेला का जमू नये? आणि वेळ: सोमवारी दुपारी तीन ते पाच मी जाऊ शकतो, मी निवृत्त आहे. एमआयडीसीत पाळीवर असलेला पोरगा कसा जाईल? धुणीभांडी करणारी बाई कशी जाईल? त्यांच्यासाठी महिन्यातून एखादी संध्याकाळ तरी ठेवायला पाहिजे.

माहिती अधिकाराच्या अर्जाशी तुलना करायची तर दोन्हींचं काम वेगळं आहे. सही-शिक्क्याची प्रत पाहिजे असेल, कोर्टात किंवा तक्रारीला जोडायची असेल, तर अर्जच करा. दहा रुपये फी, पानाला दोन रुपये, ३० दिवसांत उत्तर. विषय एकच ठेवा आणि मजकूर १५० शब्दांच्या आत, राज्याचा तसा नियम आहे. मुदतीत माहिती दिली नाही तर ती पुढं फुकट द्यावी लागते. चुकीच्या कार्यालयात अर्ज गेला तर पाच दिवसांत योग्य ठिकाणी पाठवायची जबाबदारी त्यांची. पण नेमका कुठला कागद मागायचा हेच माहीत नसेल तर अर्जात काय लिहिणार? 'उपलब्ध नाही' असं उत्तर येतं आणि आपण बसतो. म्हणून आधी सोमवारी जाऊन डोळ्यानं बघायचं, कागदाचं नाव, तारीख, पान क्रमांक टिपायचा आणि मग अर्ज लिहायचा. मी २०१५ च्या तक्त्याच्या नकला याच पद्धतीनं मागितल्या. अकराव्या दिवशी मिळाल्या, कारण शोधायला त्यांना काही उरलंच नव्हतं.

वेळेत कागद मिळणं ही नुसती हौसेची गोष्ट नाही. महापालिकेच्या निवडणुकीला आव्हान द्यायचं तर कायद्यानं हातात दहा दिवस असतात. दहा दिवसांत ज्याला आकडेच बघायला मिळाले नाहीत तो काय आव्हान देणार?

आणि हे कोल्हापुरात व्हावं असं मला फार वाटतं. २६ जुलै १९०२ ला शाहू महाराजांनी नोकऱ्यांतल्या पन्नास टक्के राखीव जागांचा हुकूम काढला, तो करवीर सरकारच्या गॅझेटात छापला. ज्यांच्यासाठी तो हुकूम होता त्यांतल्या बहुतेकांना तेव्हा वाचता येत नव्हतं, तरी तो छापून सगळ्यांपुढं ठेवला. छापखान्यात काम शिकताना आमच्या वस्तादांनी मला हे सांगितलं होतं. खिळे जुळवताना ते म्हणायचे, "हळू जुळव, हे कुणीतरी वाचणार हाय."

मॅडमना मी एक पानाचं कौतुकाचं पत्र दिलं आणि त्याची एक प्रत त्यांच्या साहेबांच्या नावानं आवक-जावकला देऊन पोच घेतली. फलक लावा म्हणून वेगळा अर्ज दिलाय. गेल्या आठवड्यात मामांचा निरोप आला की पाटी रंगवायला टाकलीय.

येत्या सोमवारी आक्का माझ्याबरोबर येणार आहेत. दोन वर्षांपूर्वी झालेला आमच्या गल्लीचा रस्ता पहिल्याच पावसात उखडला, त्याचं मोजमाप पुस्तक त्यांना बघायचंय. किती जाडीचा थर लिहिलाय ते वाचायला चष्मा लागेल म्हणून परवा त्यांनी नंबर काढून घेतला. कुणाला यायचं असेल तर पावणेतीनला तालमीच्या दारात या.